आईची रात्रीची गोळी सहा वर्षं चालू होती, दादानं परवा एकदम बंद केली

निपाणीची लेक:
नमस्कार. लांबड लागेल, पण पूर्ण वाचून मग सांगा.

आई ६४ वर्षांची. बाबा २०१९च्या दिवाळीनंतर गेले. त्यानंतर महिनाभरात आईला तिन्हीसांजेला छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेनासा होणं असं सुरू झालं. हार्टचंच असणार म्हणून कोल्हापूरला नेलं. ईसीजी, इको, रक्ततपासणी, सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, जिवानं धास्ती घेतलीय. दोन गोळ्या लिहून दिल्या: सकाळी एस्सिटालोप्राम, रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. पंधरा दिवसांनी या म्हणाले. एकदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा जायचं तोवर मार्च २०२० उजाडला आणि कोगनोळीच्या सीमानाक्यावर रस्ता अडला. जाणं राहिलं ते राहिलंच.

पुढचं सगळं आमचंच चुकलं. सकाळच्या गोळीनं मळमळतं आणि फरक तर काहीच नाही, म्हणून आईनं ती थोड्याच दिवसांत सोडली. रात्रीची घेतली की अर्ध्या तासात झोप, म्हणून ती ठेवली. जुनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, ती दाखवली की महिन्याला तीन पाकिटं मिळायची. वर्षभरापासून दुपारीही अर्धी घ्यायला लागली होती. ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

गेल्या महिन्यात पहाटे तीनला मोरीकडं जाताना उंबऱ्याला अडखळून पडली, मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, झोपेचं काही घेता का? आई नाही म्हणाली. खोटं बोलली नाही ती. तिच्या लेखी ती झोपेची गोळी नव्हेच, ती ‘घाबरायची गोळी’. दादानं मग नेटवर शोधून वाचलं आणि परवा उरलेली पाकिटं कपाटात घालून कुलूप लावलं. आज तिसरा दिवस. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. हात असा थरथरतो की कप बशीत वाजतो, घामानं पदर भिजतो. दादा म्हणतो, चार दिवस सोसलं की सुटेल, दारू सुटते तशी. मेडिकलवाल्यांनीही जुन्या चिठ्ठीवर आता देणार नाही म्हणून सांगितलंय. मी काय करू?

खानापूरचा औषधवाला:
ताई, दादांना एवढीच ओळ दाखवा. ही गोळी इतक्या वर्षांनी एकदम बंद करायची नसते, फिट येऊ शकते. कुलूप उघडा आणि आत्ता डॉक्टर गाठा. बाकीचं उद्या दुकान बंद केल्यावर लिहितो.

मनोविकार विभागातून:
मी मनोविकारशास्त्रात काम करतो. रुग्णाला न बघता डोस सांगणार नाही, पण हे थांबण्यासारखं नाही म्हणून लगेच लिहितोय.

आज रात्रीच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर तरी बोला. ते मिळाले नाहीत तर सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. सोबत रिकामं पाकीट, जुनी चिठ्ठी आणि बीपीच्या वगैरे दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही न्या. अशा वेळी बहुतेकदा आधीचाच डोस पुन्हा सुरू करतात आणि मग काही महिन्यांत उतरवत आणतात. आई असंबद्ध बोलायला लागल्या, नसलेलं काही दिसायला लागलं, अंगाला झटके आले, तर वाट न बघता १०८ला फोन करा.

तिसऱ्या दिवशीच का वाढलं, तेही सांगतो. क्लोनाझेपाम अंगातून निम्मं उतरायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणून पहिल्या दिवशी घरच्यांना वाटतं, बघा, काही झालं नाही. त्रास नंतर वर येतो. अल्प्राझोलाम साधारण अकरा तासांतच निम्मं उतरतं, त्यामुळं ते तोडलं की दुसऱ्या दिवशीच जीव कासावीस होतो.

आणि दादांच्या दारूच्या उदाहरणाबद्दल. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तरी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा दवाखान्यात जी औषधं देतात ती याच घराण्यातली: क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम. दोन्हींचा मेंदूवरचा परिणाम एकाच वाटेनं होतो. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते पेशींची धावपळ आवरतं. ही औषधं त्या गाबाचा जोर वाढवतात. वर्षानुवर्षं बाहेरून जोर मिळत राहिला की मेंदू त्या हिशेबानं स्वतःला जुळवून घेतो. आधार एका रात्रीत काढला की सगळं उसळून वर येतं. आईचा हात थरथरतोय तो मनाच्या कमकुवतपणामुळं नव्हे. तसं त्यांना कुणी म्हणूही नका.

निपाणीची लेक:
कुलूप काढलं. दादानं स्वतः काढलं. आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी रात्रीची गोळी पूर्वीसारखी द्यायला सांगितलं, उद्या घेऊन या म्हणाले. आई आत्ता झोपलीय. मी बसलेय इथं.

खानापूरचा औषधवाला:
काल म्हटलेलं आज लिहितो. मेडिकलवाल्यांवर रागावू नका, खरं सहा वर्षं जुन्या चिठ्ठीवर ज्यांनी दिली त्यांचं चुकलंच. माझाच धंदा आहे, म्हणून हक्कानं बोलतो. १ मार्च २०१४ पासून यासारख्या काही गोळ्या ‘एच वन’ या कडक नियमांच्या यादीत आहेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोपेचं झोल्पिडेमसुद्धा. त्यांच्या पाकिटावर लाल चौकट असते. त्या विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. शिवाय ही औषधं, तुमच्या आईचं क्लोनाझेपामसुद्धा, १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही येतात.

गिऱ्हाईक म्हणतं, अहो आमच्या आईचीच आहे, चोरून थोडीच नेतोय. नसेल चोरून. पण नव्या चिठ्ठीसाठी माणूस डॉक्टरकडं जातो आणि तिथं कुणीतरी त्याला नीट बघतं, नियमाचा उपयोग तो आहे. वडिलांच्या काळात ‘काम्पोज’ (म्हणजे डायझेपामचीच गोळी) हा शब्द घराघरांत माहीत होता. लग्नाच्या आदल्या रात्री नवरीच्या बापाला झोप येईना की शेजारचे आपल्यातली एक द्यायचे. ती सवय अजून गेलेली नाही. शेजारणीला लागू पडली म्हणून तुम्ही घ्यायची, असं या गोळ्यांत चालत नाही.

अजून एक. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्र करून विकतात आपल्याकडं. प्रोप्रॅनोलोल आणि इटिझोलामचीही जोडगोळी मिळते. घ्यायला सोपी, पण एक चालू ठेवून दुसरं कमी करायचं झालं की अडचण. तुमच्या चिठ्ठीत अशी असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, वेगवेगळ्या देता येतील का. नावं वाचतानाही सांभाळा. क्लोनाझेपाम वेगळं आणि फिटसाठीचं क्लोबाझाम वेगळं. ०.५च्या मधला ठिपका पुसट असला तर घाईत पाच वाचलं जातं. शंका आली की आम्ही डॉक्टरला फोन लावतो. तुम्हीही लावायला सांगा, संकोच नको.

वडगावचा मागवाला:
मी ४१ वर्षांचा. घरी यंत्रमाग. तीन वर्षांपूर्वी सुताचे भाव, बँकेचा हप्ता आणि मुलीचं दुखणं एकदमच आलं. एका दुपारी माग चालू असताना वाटलं, आता मरतो. दोनदा हार्टच्या दवाखान्यात भरती झालो, दोनदा सगळं नॉर्मल. तिसऱ्यांदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ‘पॅनिक अटॅक’ हा शब्द सांगितला.

ताई, तुमच्या आईनं जी सकाळची गोळी सोडली, तिनंच मी उभा राहिलो. म्हणून लिहावंसं वाटलं. पहिले दहा दिवस माझेही वाईट गेले. मळमळ, पोटात कालवाकालव, आणि धास्ती उलट वाढलेली. बाईंनी ते आधीच सांगितलं होतं: सुरुवातीला वाढेल, दोन ते चार आठवड्यांनी उतरायला लागेल, दीड महिन्याआधी गोळीला नावं ठेवू नका. नसतं सांगितलं तर मीही चौथ्या दिवशी फेकून दिली असती. रात्रीची गोळी त्यांनी मला मोजून पंधराच दिवसांची दिली, सकाळच्या गोळीचा गुण येईपर्यंत. चिठ्ठीवरच लिहिलं होतं कधी बंद करायची ते.

एक गोष्ट पुरुषांनी उघड बोलायला पाहिजे. सकाळच्या गोळीनं नवराबायकोच्या संबंधात अडचण येऊ शकते. मला आली. लाजून सहा महिने गप्प बसलो, घरात उगाच गैरसमज वाढले. सांगितल्यावर बाईंनी डोस बदलला, बरंचसं ठीक झालं. सांगा. त्यांना ते नवीन नसतं.

आणि भावानं मला धडधडीसाठी स्वतःची प्रोप्रॅनोलोल देऊ केली होती. मला दमा आहे. दम्याच्या माणसाला ती धोक्याची. नशीब, विचारून घेतलं.

अथणीकर:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. एकदा या गोळ्या लागल्या की माणूस कायमचा अडकतो. आमच्या चुलत्यांना अडकलेलं बघितलंय. शेवटी शेवटी नातवाचं नाव आठवायचं नाही. अश्वगंधा, रोज चालणं, भजनाला जाणं, यानं घाबरणं कमी होत नाही का? गोळीच्या वाटेला जावंच कशाला?

मनोविकार विभागातून:
अथणीकर, चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं, आणि तुमचं निरीक्षण बरोबर आहे. या घराण्यातल्या, म्हणजे बेंझोडायझेपाइन्सच्या, गोळ्यांनी विसरायला होतं, तोल जातो, म्हातारपणी गोंधळ उडतो. ६५च्या पुढं शक्यतो टाळाव्यात असंच आम्हाला शिकवतात. पडून खुब्याचं हाड मोडलेली किती माणसं मी बघितली आहेत. तेव्हा तुमची भीती खरी आहे, फक्त ती सगळ्या गोळ्यांना सारखी लावू नका. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन हा वेगळा गट. त्यांची दारूसारखी ओढ लागत नाही आणि डोस चढत जात नाही. तीसुद्धा एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखं होतं, म्हणून हळूहळू उतरवायची असते. पण अडकणं आणि उतरवायला वेळ लागणं यात फरक आहे.

या गटाचेही धोके आहेत. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर. गळून जाणं, गोंधळणं असं झालं तर रक्त तपासावं लागतं. गुडघेदुखीच्या गोळ्या किंवा अॅस्पिरिन सोबत असेल तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी नजर ठेवायची, कारण काहींच्या मनात जीव द्यायचे विचार वाढू शकतात.

चालणं आणि भजन मात्र सोडू नका. बोलून करायचे उपचार, म्हणजे समुपदेशन, काळजीच्या आजारात खरोखर गुण देतात, आणि सौम्य त्रासात गोळीआधी तेच करावं. अश्वगंधेचं म्हणाल तर झोपेच्या गोळीसोबत ती घेतली की गुंगी वाढू शकते, काही जणांच्या यकृताला त्रास झाल्याचंही नोंदलेलं आहे. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लपवलेलं औषध, मग ते मुळीचं का असेना, आम्हाला फार चकवतं.

आणि गोळीआधी थायरॉइड, रक्त आणि साखर बघायलाच हवी. थायरॉइड जास्त चालत असेल तर हुबेहूब अशीच धडधड होते. दम्याच्या पंपानंही हात थरथरतात. दिवसाला आठ-दहा कप चहा पिणाऱ्याला आधी चहा कमी करायला सांगतो मी.

ऊसगाडीवाल्याची बायको:
आमचे हे हंगामात रात्रीचे ट्रक चालवतात. कंबरेसाठी ट्रॅमाडोल चालू आहे, झोपमोड होते म्हणून दिवसा झोपायला कुणीतरी अल्प्राझोलाम दिलीय. अधूनमधून थोडी पितातही. वाचून भीती वाटायला लागली. हे किती वाईट?

मनोविकार विभागातून:
ताई, फार वाईट. या धाग्यात सगळ्यात घाईचं हेच आहे. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडोल आणि दारू तिन्ही मिळून झोपेतच श्वास मंदावत नेतात आणि माणूस उठतच नाही. कोडीनचं खोकल्याचं औषधही त्यातच धरा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६मध्ये ट्रॅमाडोलसारखी आणि अल्प्राझोलामसारखी औषधं एकत्र घेण्याबद्दल आपला सगळ्यात कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. २०२०मध्ये सवय लागणं आणि एकदम तोडल्यावरचा त्रास, याबद्दलही तसाच इशारा आला.

दारू आणि गोळी एकत्र कधीही नको. गुंगी दुसऱ्या दिवशीही उरते, माणसाला वाटतं आपण ताजे आहोत, पण पाय ब्रेकवर उशिरा पडतो. तवंदीच्या घाटात भरलेला ट्रक उतरवणाऱ्यानं ही गोळी घेऊन बसूच नये. पण एकदम बंदही करू नका. ती किती दिवस आणि किती चालू आहे ते लिहून उद्याच दोघं मिळून डॉक्टरांकडं जा, तोवर गाडी नको. झोपेत खूप घोरतात का, श्वास अडकतो का, तेही सांगा. आणि कधी हाक मारूनही उठले नाहीत, ओठ निळसर दिसले, श्वास अगदी मंद वाटला, तर लगेच १०८.

टिळकवाडीची पोर:
मी कॉलेजात आहे. परीक्षेआधी आमच्या ग्रुपमध्ये अशी गोळी अर्धी अर्धी वाटून घेतात. मी दोनदा घेतली. पेपरात रात्री वाचलेलं आठवलंच नाही, वाटलं माझाच अभ्यास कच्चा. आज कळलं.

वडगावचा मागवाला:
पोरी, सांगितलंस ते बरं केलंस. आता पुन्हा नको. मैत्रिणींनाही वाचायला दे हे.

शहापूरची सून:
मला पाचवा महिना आहे. लग्नाआधीपासून अशी गोळी चालू होती. आता सासूबाई म्हणतात, बाळासाठी आजपासून बंद.

मनोविकार विभागातून:
बाळाच्या काळजीनंच म्हणतायत, पण स्वतःहून बंद करू नका. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि गोळी लिहून देणाऱ्यांना एकमेकांशी बोलू द्या. शेवटच्या महिन्यांत ही गोळी चालू राहिली तर बाळ जन्मल्यावर सुस्त असू शकतं, दूध ओढायला कमी पडतं, म्हणून बाळाच्या डॉक्टरांनाही आधी माहीत हवं. आजच फोन करा.

चिकोडी तालुका:
डॉक्टरकडं जा, जा म्हणताय, खरं कुठं? आमच्याकडं मनाचा डॉक्टर म्हटलं की लोक अजून ‘धारवाडला न्यायची वेळ आली’ म्हणतात. दुसरं भाषेचं. माझ्या सासूबाईंना कन्नड येत नाही. ‘ऊटा आद म्याले’ म्हणजे जेवल्यावर, एवढं कळतं. जीव घाबरतो, पोटात खड्डा पडतो, हे कन्नडमध्ये कसं सांगायचं?

खानापूरचा औषधवाला:
धारवाडचं ते जुनं मनोरुग्णांचं इस्पितळ १८४५पासूनचं, म्हणून नाव असं तोंडी बसलं. आज ती डिमहान्स नावाची शिकवणारी संस्था आहे, बेळगावातून दीड तास. लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. तुमच्याकडचा मंगळवार कुठला, ते विचारून जा. आणि मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, रात्रीसुद्धा. भाषा निवडता येते, मराठी आहे.

कन्नडचं म्हणाल तर ‘गाबरी’ म्हटलं की इकडच्या कुठल्याही डॉक्टरला कळतं, शब्द तोच. कागदावर मराठीत लिहून न्या आणि बरोबर दोन्ही भाषा येणारं माणूस ठेवा. डोस कळला नाही तर पाकिटावर माझ्यासारख्याकडून मराठीत लिहून घ्या. मी पेननं सूर्य आणि चंद्र काढून देतो, सकाळची कुठली, रात्रीची कुठली.

मनोविकार विभागातून:
एक राहिलंच. बुरशीवरच्या केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल या गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर अल्प्राझोलाम अंगात साठतं आणि गुंगी वाढते. अंगावरच्या नायट्यासाठी इट्राकोनाझोल आपल्याकडं सर्रास दिलं जातं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनाही सांगा. एखादा डोस विसरला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि गोळ्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवू नका, लहान मुलांचा हात तिथं पहिल्यांदा जातो.

निपाणीची लेक:
दोन महिन्यांनी परत आलेय. तुम्ही विचारत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी बेळगावला मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. ते कन्नड बोलणारे. मराठी कळतं, बोलताना अडखळतात. त्यांनी आईला आधी बाबांबद्दल विचारलं. सहा वर्षांत तिला ते कुणी विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा. ती पाऊण तास बोलली. मी भाषांतर करायला बसले होते, पण पुढं पुढं गरजच पडली नाही.

एस्सिटालोप्राम पुन्हा सुरू झालं, अगदी कमी डोसनं, ईसीजी आणि सोडियम बघून. मळमळ या वेळीही झाली, पण आधी सांगितलेलं होतं म्हणून आईनं सोसली, दहा दिवसांत गेली. महिनाभर रात्रीच्या गोळीला हातच लावला नाही. मग पहिल्यांदा दुपारची अर्धी कमी करायला घेतली. दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी. गोळी कापायचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये मिळालं. मधे एक आठवडा फार वाईट गेला, झोप पूर्ण उडाली. डॉक्टर म्हणाले, इथंच थांबू, खाली उतरायची घाई नाही. थांबलो. दुपारची आता पाव राहिलीय. रात्रीची कधी संपेल याची तारीख त्यांनी दिलेली नाही, वर्षही लागेल म्हणाले. दादाला ते पटायला वेळ लागला. आता तोच कालदर्शिकेवर खुणा करतो, आणि मोरीच्या वाटेवर रात्रीचा दिवा त्यानंच बसवला.

पहिल्या दिवशी निघताना डॉक्टरांनी आईला कन्नडमध्ये काहीतरी समजावलं. बाहेर आल्यावर मी सांगायला लागले, तर म्हणाली, राहू दे गं, मला कळलं. काय कळलं विचारलं, तर म्हणाली, ‘सावकाश’ म्हणाले की ते.

खरंच, कन्नडमध्येही तोच शब्द आहे.